लोकशाही आहे म्हणतात, पण मत कुणाला?



हिंदी सिनेमातल्या गाण्यांत बर्फाचे डोंगर दिसतात ना, त्या स्वित्झर्लंडची आज गोष्ट सांगते.

हा देश जुनी लोकशाही म्हणून ओळखला जातो. १८४८ साली त्यांची राज्यघटना आली. मोठा प्रश्न आला की तिथे थेट लोकांचं मतदान घेतात. काही राज्यांत तर ग्रामसभेसारखी उघड्यावर सभा भरते आणि हात वर करून निर्णय होतो. ऐकायला किती छान! पण त्या सभेत बाया होत्या का?

हे नुसत्या कौतुकातून कळत नाही. कागद बघावे लागतात.

पहिला कागद मतमोजणीचा. १ फेब्रुवारी १९५९ रोजी, बायकांना मताचा हक्क द्यावा का, यावर मतदान झालं. मत द्यायला फक्त पुरुष! शंभरातल्या सदुसष्ट जणांनी ‘नको’ म्हटलं. ७ फेब्रुवारी १९७१ ला पुन्हा विचारलं, तेव्हा शंभरात जवळजवळ सहासष्ट जण ‘हो’ म्हणाले.

मग १९७१ पासून तिथल्या सगळ्या बायांना सगळीकडे मत मिळालं? तसंही नाही. हा हक्क देशाच्या मतदानापुरता होता. राज्यांचे नियम वेगळे. अपेंझेल इनररोडेन नावाच्या छोट्या राज्यात पुरुष कमरेला तलवार लावून सभेला यायचे. तीच त्यांच्या मताच्या हक्काची खूण. एप्रिल १९९० मध्येही या सभेने बायांना नकार दिला.

इथे दुसरा कागद कामी आला. १९८१ साली देशाच्या घटनेत स्त्री-पुरुष समानता लिहिली गेली होती. तिथल्या बाया कोर्टात गेल्या. २७ नोव्हेंबर १९९० ला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पुढच्या एप्रिलमध्ये त्या हक्काने सभेत उभ्या राहिल्या.

आपल्याकडे १९५१-५२ च्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत बायांना मत होतं. तरी मतदारयादी करताना कितीतरी जणींनी आपलं नाव सांगितलंच नाही. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच सांगितलं. अशा सुमारे २८ लाख नोंदी निवडणूक आयोगाने वगळल्या. हक्क घटनेत होता, पण नाव यादीत नव्हतं.

म्हणून कुठल्याही देशाबद्दल कुणी काही सांगितलं की तीन गोष्टी विचारा. मत कुणाला? कधीपासून? आणि हे कुठल्या कागदावर लिहिलंय?

सुरुवात आपल्या गावापासून करू. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी, असं महाराष्ट्राचा कायदा सांगतो. तुमच्या गावात ती झाली का? ‘झाली’ एवढ्यावर थांबू नका. ग्रामपंचायतीत जा, इतिवृत्ताची वही मागा आणि तारीख वाचा. खाली सह्या कुणाच्या आहेत, तेही बघा.