मातीविना वाफसा

शाहूपुरीतल्या एका घराच्या गच्चीवर नववीच्या मुलांनी मातीविना टोमॅटो वाढवायचे ठरवले, त्याला आता बरीच वर्षे झाली. काचेच्या बरण्या, बुचाला भोक, त्यात कापसाने बसवलेले रोप, खाली क्षारांचे द्रावण, अगदी पुस्तकातल्या आकृतीसारखे. क्षार आम्ही तराजूवर तोलून घातले होते. पाचसहा दिवसांत रोपांनी माना टाकल्या. मुळे गळ्यापर्यंत पाण्यात बुडालेली आणि पाने मात्र तहानेने सुकलेली! मुळे बाहेर काढली तर तपकिरी, बुळबुळीत. मुलांनी साहजिकच विचारले, की कोणता क्षार कमी पडला? आम्ही शिकवले होते तेही तसेच. एका मुलीचे शेतकरी वडील तिला न्यायला आले होते. त्यांनी मुळे पाहिली आणि याला वापसाच नाही, एवढेच म्हणाले.

वाफसा (आमच्याकडे वापसा) म्हणजे जमिनीची अशी अवस्था, की मातीच्या कणांभोवती ओल आहे आणि कणांमधल्या पोकळीत हवाही आहे. फार ओल झाली तर शेतकरी वाफशाची वाट पाहत थांबतो. मातीविना शेतीचा इतिहास चाळताना मला वाटू लागले, की एवढ्या एका शब्दाचा अर्थ कळायला प्रयोगशाळांना फार काळ लागला.

सुरुवात झाली ती झाड काय खाते या प्रश्नाने. बेल्जमच्या व्हान हेल्मॉन्टने २०० पौंड कोरड्या मातीत ५ पौंडांचे विलोचे रोप लावून त्याला पाच वर्षे फक्त पाणी घातले. झाड १६९ पौंडांचे झाले, माती जेमतेम दोन औंस घटली. झाड पाण्याचेच बनते, हा त्याचा निष्कर्ष त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्लंडच्या जॉन वुडवर्डने १६९९ मध्ये पुदिन्याची रोपे पावसाच्या, झऱ्याच्या, थेम्स नदीच्या आणि बागेची माती कालवलेल्या पाण्यात वाढवून दाखवले, की पाणी जितके गढूळ तितकी वाढ अधिक. म्हणजे पाण्यातून आणखी काहीतरी मिळत होते. ते ‘काहीतरी’ १८६० च्या सुमारास जर्मनीत युलियस झाक्स आणि विल्हेल्म क्नोप यांनी नेमके केले. कॅल्शियम नायट्रेट, पोटॅशियमचे क्षार, मॅग्नेशियम सल्फेट, फॉस्फेट आणि किंचित लोह एवढ्यावर झाड वाढते.

आपल्या पुस्तकातली बरणी ही झाक्सची बरणी. पण तिच्याबरोबरची त्याची कृती आकृतीत आली नाही. झाक्स बी थेट पाण्यात टाकत नसे. ते ओल्या लाकडी भुशात रुजवायचे, मूळ काही सेंटिमीटर लांब झाले की भुसा अलगद धुवून काढायचा आणि रोप बुचात असे बसवायचे, की मूळ द्रावणात जाईल पण बी पाण्याच्या वर राहील. बरणीला बाहेरून काळोख करायचा, नाहीतर शेवाळ माजते. आणि द्रावण ठरावीक दिवसांनी बदलायचे. या बदलण्यात ताजे क्षार मिळत, तशी ताजी हवाही मिळत असे.

हवेचे हे गणित वर्गात फळ्यावर मांडण्यासारखे आहे. २५ अंश सेल्सियसला एक लिटर पाण्यात हवेतला प्राणवायू फार तर ८ मिलिग्रॅमच्या आसपास विरघळतो. एक लिटर हवेत तो सुमारे २७० मिलिग्रॅम असतो. शिवाय साचलेल्या पाण्यातून तो हवेच्या तुलनेत जवळपास दहा हजारपट सावकाश पसरतो. पाणी तापले की आणखी कमी विरघळतो, आणि त्याच वेळी मुळाचे श्वसन मात्र वाढते. मुळाला पाणी आणि क्षार शोषायला ऊर्जा लागते, ती श्वसनातून मिळते. म्हणून गुदमरलेले मूळ पाण्यात बुडालेले असूनही पाने सुकतात. एप्रिलातली कोल्हापूरची गच्ची आणि काचेची बरणी! आमच्या टोमॅटोंचे काय झाले असेल, हे यावरून कळावे.

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या विल्यम गेरिक यांनी १९२९ पासून ही बरणी हौदाएवढी केली आणि १९३७ मध्ये तिला ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव दिले. त्यांच्या २५ फूट उंच टोमॅटोच्या वेलींची छायाचित्रे वर्तमानपत्रांत गाजली. मला मात्र त्यांच्या हौदाच्या झाकणाचे महत्त्व जास्त वाटते. हौदावर तारेची जाळी, जाळीवर भुसा किंवा गवताचा थर. रोप त्या थरात वाढायचे आणि मुळे जाळीतून खाली द्रावणात उतरायची. त्याच विद्यापीठातल्या होगलंड आणि आर्नन यांनी १९३८ च्या पुस्तिकेत या गाजावाजाला लगाम घातला. चांगल्या जमिनीपेक्षा पाण्यात उत्पन्न काही अधिक येत नाही, असे त्यांनी स्पष्ट लिहिले, आणि द्रावणात हवा खेळती ठेवण्यावर भर दिला.

भारतात हे तंत्र आले ते पंपाविना. १९४६ च्या सुमारास कालिम्पाँगला शोल्टो डग्लस यांनी खडी आणि वाळूचे वाफे करून त्यांवर क्षार पसरायचे आणि पाणी द्यायचे, अशी साधी पद्धत बसवली. १९५१ मध्ये त्यांचे ‘बंगाल पद्धती’वरचे पुस्तक निघाले. खडीच्या फटींतून पाणी ओघळते, मागे ओल आणि हवा दोन्ही राहतात. म्हणजे वाफसाच!

आमच्या जिल्ह्यात हाच विचार वेगळ्या वाटेने आला. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकवणारे श्रीपाद अच्युत दाभोळकर (१९२४–२००१) यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. तासगावच्या द्राक्ष बागायतदारांना त्यांनी पानांइतकेच मुळांकडेही पाहायला, पांढरी मुळी कुठे आणि किती आहे हे तपासायला शिकवले. अन्न घेते ती ही कोवळी पांढरी मुळी. त्यांच्या विचारांतून प्रेरणा घेऊन मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर पिशव्या-पिंपांत उसाचे चिपाड भरून भाज्या आणि फळे काढली. शाहूपुरी पेठ वसली ती गुळाच्या व्यापारासाठी, आणि त्या गुळाच्या चुलवाणात चिपाड जळताना आम्ही लहानपणापासून पाहिलेले! याला जलशेती म्हणता येणार नाही, कारण चिपाड कुजते आणि त्यात जिवाणूंची वस्ती असते. पण सच्छिद्र चिपाडात मुळांना ओल आणि हवा एकत्र मिळतात.

निव्वळ पाण्यातच हे साधायचे तर हवाई विद्यापीठाच्या क्रॅटकी यांची युक्ती घरी सहज जमते. पंप नको, वीज नको. द्रावण सुरुवातीला रोपाच्या बुडाला टेकेल इतके भरायचे. झाड पिते तशी पातळी उतरते आणि वर दमट हवेची पोकळी तयार होते. पोकळीतली मुळे हवा घेतात, खालची पाणी आणि क्षार. इथे काळजी एकच घ्यायची. पाणी कमी झालेले पाहून बरणी पुन्हा काठोकाठ भरायची नाही. हवेत वाढलेली मुळे बुडाली की गुदमरतात, आणि काळजीपोटी भरलेल्या पाण्यानेच झाड जाते.

दुसऱ्या खेपेला मुलांनी बी नारळाच्या भुशात रुजवले, बरण्यांना काळा कागद गुंडाळला आणि त्या जिन्याच्या सावलीत ठेवल्या. पातळीची खूण करायला कागदात एक उभी फट ठेवली होती. त्या फटीतून पंधराव्या दिवशी पाहिले, तेव्हा पाण्याच्या वर दोन बोटे जागेत पांढऱ्या मुळांची दाट लव आली होती.