नऊचा हिशोब आणि ॲम्बेसेडरचा कॅम

मंडळी, बेळगावच्या यंत्रकामाचा विषय निघाला की आपण किर्लोस्करांपाशी येऊन थांबतो. १८८८ साली इथं सायकलचं दुकान, मग लोखंडी नांगर, आणि १९१० मध्ये कुंडल रोडला, म्हणजे आजच्या किर्लोस्करवाडीला, प्रस्थान. अभिमान आहेच. पण गॅरेजमधल्या मिस्त्रींबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून हे.

१९८०च्या दशकात माझ्याकडे टॅक्सीवाल्यांची कर्जं होती. गाडी बहुतेक ॲम्बेसेडर. मूळ विलायती मॉरिसचं, १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन. एका कर्जदारानं 'फुल इंजिन' काम करून घेतलं होतं, तरी चार-पाच महिन्यांतच अनमोड घाटात गाडी दम टाकायला लागली. हप्ता चालू, गाडी उभी, घरात खाणारी सहा माणसं. वसुलीला जायचं ते मी खानापूर रोडच्या एका मिस्त्रींना बरोबर घेऊन गेलो.

आवाज तर काही नव्हता. टॅपेटचा गॅप फिलर गेजनं बघितला, बरोबर. मिस्त्री म्हणाले, "साहेब, गॅपवर जाऊ नका. गॅप बघतात कॅमच्या गोल पाठीवर. झीज असते टोकाला."

मग त्यांनी एकेका पुशरॉडवर डायल लावून इंजिन हातानं फिरवलं आणि आठही आकडे सिगारेटच्या पाकिटावर मांडले. दोन व्हॉल्व्ह बाकीच्यांपेक्षा स्पष्ट कमी उचलत होते. बाजूची झाकणं काढून टॅपेट बाहेर घेतले, तर त्या दोघांचा तळ वाटीसारखा खोल गेलेला. आधीच्या गॅरेजनं कॅमशाफ्ट नवा घातला होता, टॅपेट जुनेच. टॅपेटचा तळ किंचित फुगीर असतो, त्यामुळे तो चालताना जागेवर फिरतो आणि झीज सगळीकडे वाटली जाते. फिरायचा थांबला की नवा कॅमही खातो. पैसे वाचवले म्हणे! तिथंच कर्ज बुडायची वेळ आली.

मी शाखेत आणखी थोड्या रकमेची शिफारस केली. कॅम आणि आठही टॅपेट नवे आणले. टायमिंग चेन ढिली होती, तीही बदलली, कारण चेन सैल पडली की व्हॉल्व्ह उशिरा उघडतात. क्रँकचं चाक दोन फेरे घेतं तेव्हा कॅमचं एक, म्हणून वरच्या चाकाला दाते दुप्पट. दोन्ही चाकांवरचे ठिपके समोरासमोर, दोन्ही शाफ्टच्या मध्यांच्या सरळ रेषेत यायला हवेत. मिस्त्रींनी पट्टी धरून ते दोनदा बघितलं.

शेवटी गॅप. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की पहिल्याचा लावायचा, सातवा उघडला की दुसऱ्याचा. बेरीज कायम नऊ. मला हसू आलं. ताळेबंदात फरक आला आणि त्याला नऊनं भाग गेला, की आम्ही आधी आकड्यांची अदलाबदल शोधायचो, ५४ चे ४५ झालेत का ते. मिस्त्रींना सांगितलं, तर म्हणाले, "मग तुमचं आमचं एकच की वो!"

त्या टॅक्सीनं पुढे पणजीच्या कितीतरी खेपा केल्या आणि कर्ज मुदतीत फिटलं. मिस्त्री सातवी शिकलेले, घरी मराठी, गिऱ्हाइकाशी कानडी. आपल्यापैकी कुणाच्या घरी अशा मिस्त्रींचे हिशोबाचे कागद, मापाची वही असेल तर फोटो इथं टाका. रद्दीत देऊ नका.