दोन माटिल्डा : बाराव्या शतकातील इंग्लंडची यादवी आणि कादंबरीने मागे ठेवलेली राणी

बाराव्या शतकातील इंग्लंडच्या यादवीवर लिहिलेल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत माटिल्डा हे नाव आले की वाचकापुढे बहुधा पहिला हेन्री या राजाची कन्या उभी राहते; परंतु त्या युद्धात या नावाच्या दोन स्त्रिया परस्परविरुद्ध पक्षांत होत्या, आणि इंग्लंडची राणी म्हणून जिचा विधिपूर्वक राज्याभिषेक झाला ती दुसरी होती. स्कॉटलंडचा राजा तिसरा माल्कम याच्या दोन मुलींच्या या कन्या, म्हणजे सख्ख्या मावसबहिणी होत्या.

यादवीचे मूळ ११२० मधील एका जहाजाच्या अपघातात आहे. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर ‘व्हाइट शिप’ बुडाले आणि हेन्रीचा एकमेव औरस पुत्र त्यात गेला. जर्मन सम्राटाची विधवा असलेल्या आपल्या कन्येला वारस मानण्याची शपथ हेन्रीने सरदारांकडून घेतली खरी, पण ११३५ मध्ये तो मरण पावताच त्याचा भाचा स्टीफन याने घाईने लंडन गाठून स्वतःला अभिषेक करवून घेतला. त्यानंतरच्या सुमारे १९ वर्षांच्या कलहाला इतिहासकारांनी पुढे ‘अनार्की’, म्हणजे अराजक, असे नाव दिले.

स्टीफनची पत्नी माटिल्डा ही बुलोन या किनारी परगण्याची वारसदार असल्याने इंग्लिश खाडीतील जहाजे तिच्या हाती होती. ११३८ मध्ये डोव्हरचा किल्ला विरोधकांकडे असताना तिने जमिनीवरून वेढा घातला, समुद्राकडून बुलोनची जहाजे आणून रसद तोडली आणि किल्ला ताब्यात घेतला. पुढच्याच वर्षी आपला मामा, स्कॉटलंडचा राजा डेव्हिड, याच्याशी तिने डरहॅम येथे तह घडवून आणला. मात्र तिची खरी कसोटी ११४१ मध्ये लागली. फेब्रुवारीत लिंकनच्या लढाईत स्टीफन कैद झाला, त्याचा सख्खा भाऊ आणि पोपचा अधिकृत प्रतिनिधी असलेला विंचेस्टरचा बिशप हेन्री प्रतिपक्षाला मिळाला, आणि पहिल्या हेन्रीच्या कन्येला, म्हणजे सम्राज्ञी माटिल्डेला, ‘डोमिना’, म्हणजे राज्याची स्वामिनी, ही अभिषेकापूर्वीची पदवी मिळाली. स्टीफनच्या राणीने प्रथम पतीची सुटका आणि मुलाचा वारसा मागितला. ती मागणी झिडकारली गेल्यावर तिने थेम्सच्या दक्षिण तीरावर फौज आणून प्रदेश जाळला. जूनमध्ये लंडनकर उठले, सम्राज्ञी अभिषेकाविनाच शहर सोडून गेली आणि राणीसाठी वेशी उघडल्या. सप्टेंबरात विंचेस्टर येथे, पुन्हा स्टीफनच्या पक्षात आलेल्या बिशपला सम्राज्ञीने वेढले असता, राणीच्या सैन्याने वेढा घालणाऱ्यांनाच बाहेरून वेढले. तेथून झालेल्या पळापळीत सम्राज्ञीचा सावत्र भाऊ, ग्लॉस्टरचा अर्ल रॉबर्ट, पकडला गेला. त्याच्या बदल्यात राजा सुटला. अदलाबदल पुरी होईपर्यंत राणी आपल्या मुलासह ओलीस राहिली होती.

‘गेस्टा स्टिफानी’ या स्टीफनच्या बाजूने लिहिलेल्या समकालीन लॅटिन वृत्तांताचा निवाडा येथे फार बोलका आहे. राणीच्या धैर्याला तो पुरुषी खंबीरपणा म्हणून गौरवतो. सम्राज्ञीने हुकूम सोडले की तिला स्त्रीसुलभ विनय न उरलेली गर्विष्ठ बाई ठरवतो. फौज दोघींनीही चालवली, आज्ञा दोघींनीही दिल्या. परंतु एक पतीच्या हक्कासाठी लढत होती आणि दुसरी स्वतःच्या, एवढ्या एका भेदावर हा निवाडा उभा आहे, आणि म्हणूनच तो अन्यायाचा आहे.

आधुनिक कादंबरीने या अन्यायाचे परिमार्जन करण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला, पण मुख्यतः एकीच्याच वाट्याला. शॅरन के पेनमन यांची ‘व्हेन क्राइस्ट अँड हिज सेंट्स स्लेप्ट’ आणि एलिझाबेथ चॅडविक यांची ‘लेडी ऑफ द इंग्लिश’ या कादंबऱ्यांनी सम्राज्ञीला सहानुभूतीने जिवंत केले. ११४२ च्या डिसेंबरात ऑक्सफर्डच्या वेढ्यातून ती गोठलेल्या नदीवरून, बर्फात मिसळून जाईल अशा शुभ्र वस्त्रांत निसटली, हा प्रसंग कोणत्याही कथाकाराला मोह घालणाराच आहे. डोव्हरची नाकेबंदी, डरहॅमची बोलणी आणि ओलीसपणाचे दिवस यांत तसे दृश्य नाही. तरी ११४१ मध्ये स्टीफनचे राज्य तगले ते या कामांमुळे, आणि राणीला केंद्रस्थानी ठेवणारी कादंबरी लिहिली जाणे हे तिचे न्याय्य देणे आहे.

यादवीचा शेवट तिने पाहिला नाही. ३ मे ११५२ रोजी हेडिंगहॅमच्या किल्ल्यात तिचा मृत्यू झाला. पुढच्या वर्षीच्या तहाने स्टीफननंतर सम्राज्ञीचा पुत्र हेन्री गादीवर येईल असे ठरले आणि ११५४ मध्ये तो आला. राणीचे दफन केंटमधील फॅव्हरशॅम येथे, तिने आणि स्टीफनने स्थापन केलेल्या मठात झाले. लंडनच्या टॉवरजवळ ११४७ मध्ये तिने स्थापलेले सेंट कॅथरीनचे धर्मादाय आश्रयस्थान १८२५ मध्ये गोदीसाठी पाडण्यात आले, पण ती संस्था पूर्व लंडनमधील लाइमहाउस भागात आजही चालू आहे.