नाल्यावरचा इन्स्पेक्टर

गेल्या महिन्यात नागपूरला घरी गेलो होतो. सोबत पुण्याच्या ऑफिसमधला एक मित्र होता. रविवारी सकाळी तर्री पोहे हाणून परत येताना एका पुलावर थांबलो, तर त्याने खाली बघून विचारलं, "हा कुठला नाला रे?"

"नाला नाही, नदी आहे. नाग नदी. हिच्यावरूनच नागपूर."

तो आधी हसला, मग गप्प झाला. खरं सांगायचं तर त्याची काही चूक नव्हती. लहानपणी आम्हीसुद्धा तिला नाग नालाच म्हणायचो. त्याचा पुढचा प्रश्न मात्र टिपिकल आयटीवाल्याचा होता. "हे चेक करायला कोणी नसतं का?"

असतं ना. आमच्या गल्लीतच राहायचे.

आमचे शेजारचे काका जवळच्याच एका नगरपालिकेत स्वच्छता निरीक्षक होते. सकाळी साडेपाचला सायकल काढायची, आधी जमादाराकडून सफाई कामगारांची हजेरी, मग हॉटेलं, मटण मार्केट, तुंबलेल्या गटारी. नळाच्या पाण्यात औषधाचे दोन थेंब टाकून ते पिवळं होतं का बघायचं, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो. पिवळं झालं म्हणजे क्लोरीन आहे. आम्हा पोरांना ती जादू वाटायची.

नव्वदच्या दशकात एकदा त्यांना एका छोट्या कारखान्यामागच्या नाल्यात जांभळट पाणी दिसलं. त्यांनी मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत ते भरून घेतलं आणि रिपोर्ट लिहिला. उत्तर आलं की हा नमुना घेणं तुमच्या कक्षेत येत नाही. काका आम्हाला म्हणाले होते, "पाणी पळून राहिलं, मी पाहून राहिलो, आणि कायदा म्हणते का तू पाहिलंच नाही."

तेव्हा मला वाटलं होतं की कुणीतरी पैसे खाल्ले असणार. इतक्या वर्षांनी दोन वीकेंड घालवून थोडा इतिहास वाचला, तर गोष्ट वेगळीच निघाली. उत्तर देणारा कायद्याच्या दृष्टीने बरोबर होता!

सुरुवात लांबून करतो. ब्रिटनमध्ये १८६३ साली अल्कली अॅक्ट आला. सोडा बनवणाऱ्या कारखान्यांतून आम्लाचा वायू बाहेर पडायचा आणि आजूबाजूची शेतं, झाडं जळून जायची. यातला ९५ टक्के वायू कारखान्यातच अडवा, असं कायद्याने सांगितलं. तपासणीसाठी रॉबर्ट अँगस स्मिथ नावाचा रसायनतज्ज्ञ नेमला, त्याच्या हाताखाली चार उपनिरीक्षक. 'अॅसिड रेन' हा शब्द रूढ करणारा तोच हा माणूस. महत्त्वाचं म्हणजे हे निरीक्षक गावच्या नगरपालिकेचे नव्हते, केंद्र सरकारचे होते. कारण साधं होतं. गावचा निरीक्षक गावच्याच कारखानदाराच्या दबावाखाली येणार, हे तेव्हाही लोकांना कळत होतं.

स्मिथ १८६४ मध्ये कामाला लागला, आणि योगायोग बघा, नागपूरची नगरपालिकाही १८६४ चीच. पुढे १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल जुम्मा तलावाजवळ, म्हणजे आताच्या गांधीसागराजवळ सुरू झाली. शहरात मोठा उद्योग आला. पण त्या काळच्या नगरपालिकेचं डोकं कॉलरा, संडास आणि पिण्याच्या पाण्यात गुंतलेलं. कारखान्याचं पाणी हा वेगळा विषय आहे, असं कुणाला वाटायला अजून बराच अवकाश होता.

तो विषय वेगळा झाला स्वातंत्र्यानंतर. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत काविळीची प्रचंड साथ आली, सुमारे २९,००० रुग्ण. नजफगड नाल्याचं सांडपाणी यमुनेत उलटं चढून वझिराबादच्या पाणी उपसा केंद्रापर्यंत पोचलं होतं. १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था निघाली, ती कुठे? आपल्या नागपुरात. १९७४ मध्ये तिचं नाव बदललं, आणि आज आपण तिला 'नीरी' म्हणतो. म्हणजे घाण पाणी कसं मोजायचं आणि कसं स्वच्छ करायचं, हे देशाला शिकवणारी संस्था या नदीपासून काही किलोमीटरवर आहे. ज्ञानाचा दुष्काळ नागपुरात कधीच नव्हता.

कायद्यातही महाराष्ट्र पुढेच होता. केंद्राचा जलप्रदूषण कायदा १९७४ चा, पण महाराष्ट्राने १९६९ मध्येच स्वतःचा केला आणि ७ सप्टेंबर १९७० ला प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झालं. केंद्राचा कायदा आपण १ जून १९८१ पासून स्वीकारला.

आता काकांची बाटली. या केंद्रीय कायद्याच्या कलम २१ प्रमाणे नमुना कोण घेणार? राज्य मंडळ, किंवा मंडळाने अधिकार दिलेला अधिकारी. त्याने आधी कारखानदाराला नोटीस द्यायची. त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्हींना सील लावायचं, दोघांनी सह्या करायच्या. एक भाग मंडळाच्या प्रयोगशाळेत जातो. कारखानदाराने मागणी केली तर दुसरा सरकारने ठरवलेल्या वेगळ्या प्रयोगशाळेत. ही पद्धत पाळली नाही तर रिपोर्ट कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. पाणी जांभळं असो की काळं, बाटली बाद!

यात चूक काय? खरं तर काहीच नाही. उद्या कुणी तुमच्यावर खोटा आळ घेतला तर तुम्हालाही अशीच पद्धत हवी असेल. पण पाण्याला थांबायची सवय नसते. घाण मोजायची मुख्य चाचणी म्हणजे बीओडी, म्हणजे पाण्यातले जंतू घाण खाताना किती ऑक्सिजन संपवतात ते मोजायचं. इंग्रजांची पद्धत २० अंशांवर ५ दिवसांची. तिथल्या नद्या पाच दिवसांत समुद्राला मिळतात म्हणून पाच, असं सांगतात. आपल्या उकाड्याला धरून भारतात २७ अंशांवर ३ दिवस ठेवतात. बाटली काठोकाठ भरायची, बुडबुडा राहू द्यायचा नाही, बर्फात ठेवून लॅबला न्यायची.

आणि तीन दिवस थांबायचं.

तोपर्यंत ते पाणी कुठे असतं? नाग नदी वाडीजवळच्या लाव्हा टेकड्यांतून निघते आणि शहरातून साधारण १७ किलोमीटर वाहते. पुढे तिला पिवळी नदी मिळते, मग ती कन्हानला आणि कन्हान वैनगंगेला. तिथून गोसीखुर्द धरण. रिपोर्ट येतो तेव्हा नागपूरचं पाणी भंडाऱ्याच्या वाटेला लागलेलं असतं. प्रॉडक्शन सर्व्हर पडला आणि लॉग तीन दिवसांनी मिळाला तर आपण काय करू? शिव्या घालू. इथे निरीक्षकाला नोकरीभर असंच काम करावं लागतं.

बरं, नदी वाहताना हद्दी विचारत नाही. हिंगणा एमआयडीसी आणि वाडी महापालिकेच्या हद्दीबाहेर, पण तिथलं पाणी अंबाझरी तलावात येतं. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि कोराडी वीजकेंद्राची राख कन्हानपर्यंत गेली. त्याच कन्हानचं पाणी नागपूर पितं. महापालिका नळ बंद ठेवू शकते, बंधाऱ्यावर जाऊन कलम २१ ची बाटली भरू शकत नाही.

सगळ्यात अवघड गोष्ट पुढेच आहे. नागला नाला कुणी केलं? फक्त कारखान्यांनी नाही. मोठा वाटा आपल्या घरांतल्या सांडपाण्याचा, आणि ते सांभाळायची जबाबदारी महापालिकेची. म्हणजे महापालिकेचा निरीक्षक प्रदूषण शोधत नाल्याच्या काठाने चालत गेला, तर पुष्कळदा तो आपल्याच साहेबाच्या पाइपाशी पोचणार. स्मिथचे निरीक्षक केंद्राचे का होते, ते इथे कळतं.

मग महापालिका सुटली का? नाही. रतलामचा खटला बघा. तिथे अल्कोहोल कारखान्याचं घाण पाणी आणि उघडी गटारं यांना कंटाळून लोक १९७२ मध्ये मॅजिस्ट्रेटकडे गेले. नगरपालिका म्हणाली, पैसे नाहीत. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्पष्ट सांगितलं की पैसे नाहीत हे कारण चालणार नाही. म्हणजे जबाबदारी नगरपालिकेची पक्की, कारखान्याच्या बाटलीचा अधिकार मात्र मंडळाचा.

नागपुरात काहीच झालं नाही असंही नाही. भांडेवाडीला १३० आणि २०० दशलक्ष लिटर रोजच्या क्षमतेचे सांडपाणी प्रकल्प उभे राहिले, आणि तिथलं शुद्ध केलेलं पाणी वीजकेंद्रांना जातं. नाग नदीसाठी केंद्राने जवळपास दोन हजार कोटींचा प्रकल्प मंजूर केलाय. डिसेंबर २०१७ पासून महापालिकेचं उपद्रव शोध पथक माजी सैनिकांना घेऊन रस्त्यावर फिरतंय. केंद्राने २०२४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून बऱ्याच गुन्ह्यांसाठी तुरुंगाऐवजी १० हजार ते १५ लाखांचा दंड आणला, राज्यांनी ठराव करून तो स्वीकारायचा.

पण दंड कितीही करा, आधी कुणीतरी नाल्यावर हजर पाहिजे. रोज पहाटे तिथून जाणारा माणूस नगरपालिकेचा आहे. त्याला रंग दिसतो, वास येतो, आणि रात्री कोण सोडतं हेही बहुतेक माहीत असतं. ज्याच्या हातात कायद्याची बाटली आहे तो लांब ऑफिसात बसतो. स्वतंत्र निरीक्षक हवा हे मान्य, पण म्हणून जवळचे डोळे बाद कशाला करायचे? 'मंडळाने अधिकार दिलेला अधिकारी' या शब्दांत नगरपालिकेच्या प्रशिक्षित निरीक्षकाला जागा होऊ शकते, असं मला वाटतं. मी वकील नाही, पण आपण सिस्टिममध्ये रीड आणि राइट परमिशन वेगवेगळ्या देतोच ना? नमुना त्याने घ्यावा, निर्णय मंडळाने करावा.

काका रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. या वेळी भेटलो तेव्हा हे सगळं त्यांना सांगितलं. म्हटलं, "काका, तुमचं चुकलं नव्हतं, तुमच्याकडे फक्त परमिशन नव्हती."

ते हसले आणि म्हणाले, "ते तर मले तेव्हाच माहीत होतं. तरी बाटली भरली. कोणीतरी भराले पाहिजे होती ना बे."

असो. पुढच्या वेळी एखाद्या पुलावरून जाताना नाक दाबाल, तेव्हा एक सेकंद खाली बघा. तो नाला आहे की नदी, हे आधी विचारून घ्या.