आधी आराखडा की आधी अनुभव?

सॉफ्टवेअर प्रकल्प हाताळण्याची औपचारिक पद्धत चांगली की ‘अजाइल’, हा वाद बहुधा कागदावरच लढला जातो. एकाच संस्थेने एकाच कामासाठी दोन्ही पद्धती वापरल्याची उदाहरणे विरळच. अमेरिकेतील एफबीआय या तपास यंत्रणेची ‘सेंटिनेल’ ही संगणक प्रणाली त्यांपैकी एक होय.

तपासाच्या फायली संगणकावर आणण्याचा एफबीआयचा आधीचा प्रयत्न सुमारे १७ कोटी डॉलर खर्च झाल्यावर २००५ मध्ये गुंडाळावा लागला होता. मार्च २००६ मध्ये सेंटिनेलचे काम लॉकहीड मार्टिन कंपनीस देण्यात आले. टप्पे चार, मुदत डिसेंबर २००९. पद्धत औपचारिक, म्हणजे ‘वॉटरफॉल’ वळणाची होती. तीत आधी सर्व गरजा लिहून घ्यायच्या, मग आराखडा, मग प्रोग्रॅमिंग आणि अखेरीस चाचणी, असा क्रम असतो. धबधब्याच्या पाण्याप्रमाणे मागे फिरणे नाही. (ज्यांना या पद्धतीचे जनक मानले जाते, त्या विन्स्टन रॉइस यांनी १९७० च्या आपल्या निबंधातच ती जशीच्या तशी राबवणे जोखमीचे असल्याचे बजावले होते!) ऑगस्ट २०१० पर्यंत ४५.१ कोटी डॉलरपैकी सुमारे ४०.५ कोटी खर्च झाले होते आणि चारपैकी दोनच टप्पे हाती आले होते.

तेव्हा एफबीआयने काम स्वतःकडे घेऊन अजाइल पद्धत स्वीकारली. फेब्रुवारी २००१ मध्ये युटा राज्यातील स्नोबर्ड येथे जमलेल्या १७ तज्ज्ञांच्या जाहीरनाम्यातून हे नाव रूढ झाले. गरजांची यादी करून तिचे छोटे तुकडे पाडायचे, ठरावीक काळाच्या ‘स्प्रिंट’मध्ये त्यांतील काही पूर्ण करायचे आणि चालू स्थितीतील सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना दाखवायचे, ही त्यातील प्रचलित रीत. सेंटिनेलचे स्प्रिंट दोन आठवड्यांचे होते. चूक झालीच, तर ती वर्षांनी नव्हे, पंधरवड्यात उघडी पडते. दोन्ही पद्धतींतील खरा फरक हाच.

तरीही अजाइल म्हणजे जादूची कांडी नव्हे. नव्या पद्धतीतही मुदत वारंवार पुढे गेली. ऑक्टोबर २०११ च्या व्यापक चाचणीत प्रणाली दोनदा बंद पडली. जुनी यंत्रसामग्री भार पेलण्यास अपुरी होती. अखेर जुलै २०१२ मध्ये सेंटिनेल सर्वत्र सुरू झाली. शिवाय नव्या चमूला आधीच्या टप्प्यांत लिहून काढलेल्या गरजा आयत्या मिळाल्या होत्या, याचा उल्लेख अजाइलचे प्रचारक क्वचितच करतात.

विमानातील किंवा वैद्यकीय उपकरणांतील सॉफ्टवेअरसाठी नियामक संस्था प्रत्येक पायरीचा लेखी पुरावा मागतात, त्यामुळे तिथे औपचारिक शिस्त टळत नाही. ग्राहकाची मागणीच बदलती असेल, तर अजाइल सोयीची. खरी अडचण कराराची. किंमत, मुदत आणि कामाची व्याप्ती ही तिन्ही आधीच गोठवलेल्या करारावर स्प्रिंटचे वेळापत्रक चिकटवले, की रोजची पंधरा मिनिटांची उभ्याउभ्याची बैठक तेवढी अजाइल उरते. पुण्यामुंबईच्या आयटी कंपन्यांतील अनेकांना हे चित्र ओळखीचे वाटेल.