धान्याची श्रेणी आणि आकाशातले शेत



जुन्नरभोवतीच्या डोंगरांत जी लेणी आहेत, त्यांतील एका शिलालेखात धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. दुसऱ्या एका लेखात बांबूचे काम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवीचा उल्लेख येतो. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांची संघटना. आम्हा युनियनच्या माणसांना हे वाचून थोडा अभिमान वाटतो, तो आपण क्षम्य मानावा. मात्र श्रेणी म्हणजे कामगारांची युनियन नव्हे, हेही सांगून ठेवले पाहिजे. धान्य विकणारे इतके सधन होते की डोंगर कोरून घेऊ शकत होते. ते धान्य ज्याने पिकवले, त्याचे नाव त्या लेखात नाही.

त्याच खोऱ्यात आज कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर टोमॅटो, द्राक्षे आणि ऊस उभा आहे, शेजारी आंबेगावात बटाटा आहे, आणि ह्या पिकांच्या मधून खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या थाळ्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. एकेक थाळी 45 मीटर व्यासाची, अशा एकूण 30. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली ही दुर्बीण आकाशाचे नुसते ऐकते. आता माणूस तिकडे जाऊन शेती करू म्हणतो आहे, आणि गंमत अशी की त्या शेतीत नारायणगावच्या बाजारातलेच पीक पुढे आहे. 1984 साली अमेरिकेने टोमॅटोचे सव्वा कोटी बी एका उपग्रहातून अंतराळात ठेवले. ते 1990 साली परत आणले आणि शाळांतल्या मुलांनी पेरले. 2015 साली अंतराळस्थानकातील लोकांनी तेथेच वाढवलेली लेट्यूसची पाने खाल्ली. आपल्या इस्रोने 30 डिसेंबर 2024 रोजी चवळीचे आठ बी वर पाठवले. चार दिवसांत त्यांना कोंब फुटले.

पण अंतराळात जागा थोडी, वेळ थोडा, पाणी मोजून. तेथे मांडवावर चढणारा टोमॅटो काय कामाचा? 2019 च्या अखेरीस अमेरिकेतील कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी टोमॅटोच्या तीन जनुकांत बदल करून गुच्छासारखे ठेंगणे झाड तयार केल्याचे जाहीर केले. चाळीस दिवसांच्या आत त्याला तोडणीयोग्य फळ येते. हे शहरातल्या गच्चीसाठी, आणि पुढे अंतराळासाठीही उपयोगी पडेल, असे ते सांगतात.

ह्या विद्येला शिव्या घालण्यासाठी मी उभा नाही. 2020 साली विषाणूने ह्या भागातले टोमॅटोचे फड बसले. फळावर डाग पडले, रंग उतरला, माल फेकावा लागला. रोगाला न जुमानणारे झाड कोणी दिले तर तो शेतकरी ते नाकारील काय? आणि फड बसला की तोडणीच्या बायकांचा रोजही बसतो, त्याची नोंद पंचनाम्यात नसते.

प्रश्न बियाण्याच्या मालकीचा आहे, आणि त्याचा इतिहास आपल्याच राज्यात घडला आहे. मार्च 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचे जनुक त्यात घातलेले. बोंडअळी पान खाऊन मरते. जालन्याच्या महिकोने हे वाण अमेरिकन मॉन्सॅन्टोच्या सहकार्याने आणले. 450 ग्रॅमच्या पाकिटाची किंमत सोळाशे रुपयांच्या घरात होती, आणि तिचा मोठा हिस्सा जनुकाच्या हक्कापोटी जात होता. 2006 साली सरकारांनी हात घातला तेव्हा ती 750 वर आली. म्हणजे अर्ध्याहून अधिक किंमत बियाण्याची नव्हतीच! शिवाय वाण संकरित. घरचे बी धरले तर पुढल्या वर्षी पीक एकसारखे उतरत नाही. फवारणी प्रथम कमी झाली, हे खरे. पण अळीही शिकते: 2017 च्या हंगामात शेंदरी बोंडअळीने महाराष्ट्रातला कापूस पोखरला. बीटी वांग्याला 2009 साली तांत्रिक समितीने होकार दिला होता, तरी 9 फेब्रुवारी 2010 रोजी जयराम रमेश यांनी ते थांबवले.

आता हाच व्यवहार मंगळावर नेऊन पाहा. इंग्लंडात गिरणीमालक मजुरीऐवजी आपल्याच दुकानाच्या चिठ्ठ्या देत. ती चाल मोडण्यास 1831 चा कायदा करावा लागला. आपल्याकडे 1936 च्या वेतन कायद्याने मजुरी चलनातच द्यावी असे ठरवले. ज्या वसाहतीत हवा मालकाची, पाणी मालकाचे आणि बियाणे पुन्हा न उगवणारे, तेथे चलन हातात असून मजूर काय विकत घेणार? संप केला तर कोणत्या फाटकाबाहेर उभा राहणार?

आपल्या 2001 च्या कायद्याने शेतकऱ्याला आपल्या शेतातले बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचे बीही त्याला विकता येते, फक्त छापाच्या नावाने नाही. अंतराळासंबंधीचा 1967 चा करार मात्र एवढेच सांगतो की चंद्रावर किंवा ग्रहांवर कोणत्याही राष्ट्राने मालकी सांगू नये. बियाण्याबद्दल त्यात एक अक्षर नाही. तो करार जेव्हा पुन्हा उघडला जाईल, तेव्हा 2001 चे ते कलम त्यात घालण्याची मागणी भारताने करावी, आणि तिचा मसुदा शेतकरी व शेतमजूर यांच्या संघटनांना आधी दाखवावा.