स्कॉटलंडमधील प्रेस्बिटेरियन उपासना व संस्कार

स्कॉटलंडमधील प्रेस्बिटेरियन उपासना ही १५६० च्या धर्मसुधारणेनंतर त्या देशात रूढ झालेली प्रोटेस्टंट उपासनापद्धती आहे. पवित्र शास्त्राचे वाचन व प्रवचन हे तिचे केंद्र असून बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोनच संस्कार मानले जातात. हे संस्कार एकत्र जमलेल्या मंडळीसमोर व्हावेत, असा या परंपरेचा आग्रह आहे. त्यामुळे संस्कारास कोण पात्र आणि ते कोणी ठरवावे, हा तिच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न राहिला आहे.

पार्श्वभूमी

‘प्रेस्बिटेरियन’ हा शब्द ‘वडील’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. स्थानिक मंडळीचा कारभार पाळक आणि वडील यांची सभा पाहते. तिला ‘किर्क सेशन’ म्हणतात. जॉन नॉक्स यांनी जिनिव्हातील उपासनेचा नमुना स्कॉटलंडमध्ये आणला. १६३७ मध्ये राजाने नवे प्रार्थनापुस्तक लादताच एडिनबरा येथील सेंट जाइल्स चर्चमध्ये दंगल झाली. १६४५ मध्ये वेस्टमिन्स्टर सभेची उपासना-मार्गदर्शिका स्वीकारण्यात आली. तीत ठरावीक प्रार्थनांऐवजी उपासनेचा क्रम व पाळकासाठी सूचना आहेत.

उपासनेचे स्वरूप

प्रार्थना, शास्त्रवाचन, स्तोत्रगायन, प्रवचन व आशीर्वाद हे उपासनेचे मुख्य घटक होत. १६५० च्या छंदोबद्ध स्तोत्रसंहितेतील स्तोत्रे वाद्यांशिवाय गायली जात. अग्रगायक एकेक ओळ म्हणे आणि मंडळी ती उचलून धरी. हेब्रिडीज बेटांवरील गेलिक भाषिक मंडळ्यांमध्ये ही रीत टिकून आहे. इतरत्र १९व्या शतकाच्या उत्तरार्धात ऑर्गन व नवी गीते प्रचारात आली.

बाप्तिस्मा

विश्वासणाऱ्यांची मुले देवाच्या करारात सामील आहेत, या भूमिकेतून बालकांना बाप्तिस्मा दिला जातो. मूल वाढविण्याचे वचन आईवडील देतात. तारण बाप्तिस्म्यावरच अवलंबून आहे असे मानले जात नसल्याने, मरणासन्न अर्भकाला सुईणीने घाईने बाप्तिस्मा देण्याची जुनी प्रथा धर्मसुधारकांनी नाकारली. मात्र विवाहबाह्य अपत्याच्या बाप्तिस्म्यापूर्वी सेशन अनेकदा पालकांकडून जाहीर पश्चात्तापाची अपेक्षा करी. त्यासाठी त्यांना चर्चमधील ‘पश्चात्तापाच्या आसना’वर सर्वांसमोर बसावे लागे.

प्रभुभोजन

प्रभुभोजन गुडघे टेकून नव्हे, तर लांब मेजाभोवती बसून घेतले जाई आणि भाकर व प्याला हातोहात पुढे दिला जाई. गुडघे टेकल्याने भाकरीचीच पूजा सूचित होते, असा आक्षेप होता. १६१८ च्या पर्थ येथील कलमांनी गुडघे टेकणे सक्तीचे केले, तेव्हा त्यास मोठा विरोध झाला. कॅल्विन यांना प्रभुभोजन दर आठवड्याला हवे होते. स्कॉटलंडमध्ये ते बहुतेक ठिकाणी वर्षातून एकदाच होऊ लागले.

त्यापूर्वी वडील घरोघरी जाऊन सभासदांची आचरण व धर्मज्ञान या बाबतींत विचारपूस करत. पात्र ठरलेल्यास शिशाचे लहान टोकन मिळे. त्यावर बहुधा परगण्याचे नाव किंवा आद्याक्षरे असत. टोकन दाखविल्याशिवाय मेजाशी प्रवेश नसे. गुरुवारी उपवास, शनिवारी पूर्वतयारी, रविवारी प्रभुभोजन व सोमवारी उपकारस्तुती असा हा सोहळा चाले. १७४२ मध्ये कॅम्बसलँग येथे अशा सोहळ्यास हजारोंचा समुदाय जमला होता. रॉबर्ट बर्न्स यांनी ‘द होली फेअर’ या कवितेत अशा मेळाव्यांचा उपहास केला आहे.

या शिस्तीमुळे गरीब व श्रीमंत एकाच मेजावर बसले. पण अपात्रतेची भीतीही रुजली. हायलँड भागात नियमित उपासनेला येणारे अनेक जण आयुष्यभर प्रभुभोजनापासून दूर राहिले.

नंतरचे बदल

१९व्या शतकात टोकनांची जागा छापील कार्डांनी घेतली, तर मद्यपानविरोधी चळवळीच्या प्रभावाने अनेक मंडळ्यांत द्राक्षारसाऐवजी न आंबवलेला रस वापरात आला. चर्च ऑफ स्कॉटलंडने १९६६ मध्ये स्त्रियांना वडीलपद आणि १९६८ मध्ये पाळकपद खुले केले. आज अनेक मंडळ्यांत बाप्तिस्मा झालेल्या मुलांनाही प्रभुभोजन दिले जाते.

महाराष्ट्रातील परंपरा

स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८२३ मध्ये कोकणात काम सुरू केले. जॉन विल्सन यांनी १८३१ मध्ये मुंबईत प्रेस्बिटेरियन तत्त्वांवर देशी मंडळी स्थापन केली. स्टीफन हिस्लॉप यांनी १८४० च्या दशकात नागपूर येथे कार्य आरंभिले. पुढे १९२४ मध्ये उत्तर भारतातील प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र आल्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना होऊन त्या तीत विलीन झाल्या. या चर्चमध्ये बिशपपद असून बालबाप्तिस्मा व प्रौढ विश्वासणाऱ्यांचा बाप्तिस्मा हे दोन्ही ग्राह्य आहेत.